डिंकरावांच्या डावीकडे

डिंकरावांना भुतांची भीती कधीच वाटली नाही. त्यांना भीती वाटायची ती सासऱ्यांची, आणि सासरे वारले तेव्हा तो विषय कायमचा मिटला असं ते धरून चालले होते.

सासऱ्यांचा पुस्तकबांधणीचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं ते आपलं पाटीवर तसं लिहिलं होतं म्हणून. एरवी ती रस्त्यावरून दोन पायऱ्या खाली उतरलेली एक लांबोळकी खोली होती. लांबलचक टेबल, भिंतीला टेकलेल्या पुठ्ठ्यांच्या थप्प्या, कोपऱ्यात स्टोव्हवर रटरटणारी खळ आणि मधोमध कागद कापायचं मशीन. घरातल्या सगळ्यात खाष्ट माणसाला बसायला जशी ऐसपैस जागा सोडतात, तशी त्याच्याभोवती जागा सोडलेली असायची. लोखंडी दांडा खाली ओढला की हातभर रुंदीचं पातं उतरायचं आणि अख्ख्या गठ्ठ्याची कड लोण्यासारखी कापून जायची.

सासऱ्यांना एक खोड होती. आवाज न करता यायचं आणि काम करणाऱ्याच्या डाव्या खांद्यामागे उभं राहायचं. रागवायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. "कोपरा बघ," एवढंच म्हणायचे. कोपरा बघावा तर तो खरोखरच चुकलेला असायचा. त्याचाच जास्त राग यायचा.

जावयाला त्यांनी मशीनच्या दांड्याला कधी हात लावू दिला नाही. कारण उघड होतं. डिंकरावांना फिट यायची. न सांगता यायची, पाहुण्यासारखी, आणि पाहुण्यासारखीच नको त्या वेळी. एकदा ते उभ्या उभ्या खळीच्या पातेल्यात कोसळले. खळ निवलेली होती म्हणून निभावलं. शुद्धीवर आले तेव्हा भुवया एकमेकींना चिकटलेल्या होत्या आणि बायको ओल्या फडक्यानं त्या सोडवत रडत होती. त्या दिवसापासून त्यांच्या वाट्याला घड्या घालणं, शिवणं आणि चिकटवणं एवढंच आलं. शेजारच्या दुकानातल्या घड्याळजींनी 'डिंकराव' हे नाव ठेवलं ते तेव्हा. नाव इतकं घट्ट बसलं की खरं नाव आता फक्त दवाखान्यात पुकारलं जाई, आणि तेव्हाही बायकोला कोपरानं ढोसून सांगावं लागे, "अहो, तुम्हालाच बोलावतायत."

सासरे गेले, आणि पुढे एक नवी गोळी आली. आधीच्या सगळ्या गोळ्या हरल्यावर मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी ही काढली. देताना त्यांनी खुर्ची पुढे ओढली, तेव्हाच बायकोनं ओळखलं की यात काहीतरी मेख आहे.

"या गोळीनं फिट थांबण्याची बरीच आशा आहे," बाई म्हणाल्या. "पण काही जणांची हिच्यामुळे कडेची नजर जाते. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं दिसेनासं होतं. गेलेलं परत येत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी डोळ्यांची तपासणी, आणि ती चुकवायची नाही."

"दुखतं का?" डिंकरावांनी विचारलं.

"नाही. दुखत नाही आणि बहुतेकदा कळतही नाही. हीच तर पंचाईत आहे."

"कळणारच नाही तर आम्ही तुम्हाला सांगायचं काय?" बायको म्हणाली.

"हे चौकटीला आपटायला लागले, बाजूनं कुणी आलं की दचकायला लागले, रस्ता ओलांडताना गाडी एकदम अंगावर आल्यासारखी वाटायला लागली, की तारखेची वाट न बघता या. आणि गोळी मनानं बंद करायची नाही. एकदम सोडली तर फिट दुप्पट जोरानं येतात. काय करायचं ते आपण मिळून ठरवू."

डिंकरावांनी मान डोलावली. लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे अटी ऐकतात तशी, म्हणजे एकही अट मनावर न घेता.

फिट थांबल्या. बघता बघता वर्ष उलटलं. डॉक्टरीणबाईंनी जपून का होईना होकार दिला, तपासण्या ठीक येत होत्या, आणि एके दिवशी डिंकरावांनी मशीनच्या दांड्याला हात घातला. पहिला गठ्ठा कापला गेला तेव्हा बायकोनं पाहिलं, नवरा सरळ उभा राहिला की बराच उंच आहे.

दोघांची कामाची पद्धत अशी बसली होती: ते दांड्यावर, बायको त्यांच्या डावीकडे. ती गठ्ठा ठोकून सरळ करायची, पात्याखाली सरकवायची, कातरण ओढून घ्यायची आणि हात मागे घ्यायची. तो हात मागे गेलेला ते डोळ्याच्या कडेनं बघत आणि दांडा ओढत. 'झालं', 'ओढा', 'थांबा' यांतला एकही शब्द त्यांना लागत नसे. संसारात जितकं म्हणून बोलायचं ते दोघं बोलत, पण मशीनपाशी कधी नाही. सासरेही असंच करायचे, सासूबाईंबरोबर.

मग घरातल्या चौकटी अरुंद व्हायला लागल्या.

निदान डिंकरावांना तसं वाटलं. डावा खांदा आपटे, मग उजवा. टेबलावर चहाचा कप आपोआप उगवे. कुणी ठेवला ते कळत नसे. मागून आवाज येई, "घ्या ना, निवतोय," आणि ते असे उडत की निम्मा चहा बशीत. रस्त्यावर माणसं जमिनीतून उगवल्यासारखी पुढ्यात येऊ लागली. घड्याळजी एकदा दुखावून म्हणाले, "डिंकराव, मी शेजारून हात करतोय, तुम्ही आपले नाकासमोर. आम्ही काय तुमचं घोडं मारलंय?"

"विचारात होतो हो."

"तुम्ही? कधीपासून?"

सगळ्यांत वाईट गोष्ट कारखान्यात झाली. डाव्या खांद्यामागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटू लागलं. ते मान वळवून बघत, कुणी नसे. पुन्हा कामाला लागत, आणि अचानक खरोखरच कुणीतरी असे: बायको, पोस्टमन, घड्याळजी. म्हणजे बघावं तेव्हा कुणी नाही, न बघावं तेव्हा कुणीतरी. चष्म्याचा नंबर वाढला की माणसाला धूसर दिसतं, डोळ्यापुढे काळं येतं, असं त्यांनी ऐकलं होतं. इथे ना धूसर होतं ना काळं. भिंत अखंड दिसे, पुठ्ठ्यांची थप्पी जागच्या जागी दिसे, चित्राला कुठे भोक पडलेलं नाही. फक्त त्या चित्रातून माणसं वगळलेली होती. भुताच्या गोष्टीत नसलेलं माणूस दिसतं. आपल्याला असलेलं दिसत नाही, हे कुठल्या गोष्टीत बसतं, ते त्यांना ठरवता येईना.

एका संध्याकाळी पुठ्ठ्याला खळ लावता लावता ते हळूच म्हणाले, "कोपरा बघितलाय मी." मग स्वतःच्याच आवाजानं दचकले. खोलीत कुणी नव्हतं. म्हणजे बहुधा नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं त्यांना आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. पण आठवलेल्या गोष्टीकडे पाठ करून बसता येतं. सांगितलं की गोळी बंद. गोळी बंद की फिट. फिट आली की दांडा गेला, आणि पुन्हा ते खळीचं पातेलं, पुन्हा ओल्या फडक्यानं भुवया सोडवणारी बायको. दुसऱ्या पारड्यात काय होतं? चार चौकटी आणि सांडलेला चहा. असा हिशेब त्यांनी मांडला, आणि तो कुणाला दाखवला नाही.

तपासणीची तारीख आली. डोळ्यांच्या दवाखान्यात एका अंधाऱ्या खोलीत मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं यंत्र होतं. हनुवटी टेकायची, एका डोळ्यावर झाकण, समोरच्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि वाडग्यात कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. यंत्र चालवणारी मुलगी गोड होती. सगळ्यांना काका म्हणायची, अगदी तिच्याहून लहान दिसणाऱ्यांनाही.

डिंकरावांनी जन्मभर कानानं काम केलं होतं. कागदाची थप्पी अंगठ्याखाली फुरफुरली की तिच्यात एक पान उलटं पडलंय हे त्यांना कळे. पातं तळापर्यंत पोचलं की नाही ते ते ऐकूनच सांगत. तेव्हा यंत्र उजेड टाकण्याआधी आत कुठेतरी बारीक खुट् करतं, हे त्यांना न कळतं तरच नवल. आधीच्या तपासण्यांतही तो आवाज ऐकू येई. तेव्हा त्याची गरज पडली नव्हती. या वेळी पहिल्या काही उजेडांनंतर नुसताच आवाज यायला लागला. खुट्, आणि काही नाही. खुट्, आणि काही नाही. तिसऱ्या-चौथ्या खुट्‌ला त्यांच्या अंगठ्यानं बटण दाबून टाकलं.

शाळेत असताना ते एकाही परीक्षेत धडपणे पास झाले नव्हते. इतका सोपा पेपर त्यांना प्रथमच मिळाला होता.

मुलगी कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. "काका, हे यंत्र ना मधूनमधून मुद्दाम नुसता आवाज करतं. उजेड टाकतच नाही. तुम्ही तेव्हाही बटण दाबलंय."

"म्हणजे नसलेलंही दिसलं मला," डिंकराव म्हणाले. "नजर तेज आहे की मग."

ती हसली नाही. "असा रिपोर्ट धरता येत नाही, काका. पुढच्या आठवड्यात परत करू. आणि तुम्हाला काही जाणवत असेल, आपटणं वगैरे, तर आज मॅडमना भेटूनच जा."

"छे, काही नाही. घाईत दाबलं गेलं."

बाहेर बायकोनं विचारलं, "काय म्हणाली?" त्यांनी सांगितलं, "पुन्हा बोलावलंय, सहज." पुढचा आठवडा आला तेव्हा शाळांच्या वह्यांचं मोठं काम अंगावर होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यालाही होतं. काम नसतं तर त्यांनी ते निर्माण केलं असतं.

ते झालं ते दिवसाढवळ्या, भर उजेडात, दाराबाहेर घड्याळजींचा रेडिओ चालू असताना. वह्यांचे गठ्ठे एकामागून एक कापले जात होते. बायकोनं गठ्ठा ठोकला, सरकवला. डिंकरावांनी डोळ्याच्या कडेनं बघितलं, किंवा बघितलं असं त्यांना वाटलं. डावीकडे काही नव्हतं. भिंत, थप्पी, स्टोव्ह. त्यांनी दांडा ओढला.

पातं तळापर्यंत पोचल्याचा आवाज जसा यायला हवा तसा आला नाही. त्यात एक मऊ कसलासा घास होता.

बायकोनं हात छातीशी धरला होता आणि ती स्वतःच्या बाहीकडे बघत होती. मनगटापासून बाहीची कड सरळ, स्वच्छ कापलेली होती, धारेला जराही न चुकता. तिचं बोट न् बोट जागेवर होतं. कापलेला तुकडा वह्यांच्या कातरणीत पडला होता, आणि कातरणीसारखाच दिसत होता.

"माझा हात दिसला नाही तुम्हाला?"

डिंकरावांनी मान पूर्ण वळवली, तेव्हा कुठे ती त्यांना दिसली. इतक्या जवळ, की तिचा श्वास त्यांच्या दंडाला लागत होता.

"तू इथे होतीस?" ते म्हणाले.

बाहेर रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. बायकोनं पहिल्यांदा मशीनची खीळ लावली, वडील लावायचे तशी. मग स्टोव्ह बंद केला. मग खाली बसली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

त्यांनी सांगितलं. चौकटी सांगितल्या, चहा सांगितला, खुट् सांगितलं. सासऱ्यांबद्दलही सांगितलं, तेवढं खालच्या आवाजात.

"बाबा असते ना," ती म्हणाली, "तर तुमचा हात धरून ओढत नेलं असतं."

"मला वाटलं तेच आलेत."

"त्यांना दुसरी कामं नाहीत का?" ती म्हणाली, आणि मग रडली.

दुसऱ्याच दिवशी ते दोघं तारीख नसताना गेले. तीच मुलगी होती. बायकोनं तिला सरळ सांगून टाकलं, "हे आवाज ऐकून दाबतात." मुलीनं डिंकरावांकडे बघितलं आणि कोपऱ्यातलं एक स्टूल बायकोसाठी पुढे केलं. "बसा तुम्ही. बोलायचं मात्र नाही."

हनुवटी टेकली, झाकण लागलं, अंधार झाला. मधला ठिपका पेटला. ठिपक्याच्या आसपास उजेड चमकले. त्यांनी बटण दाबलं. मग खुट्. काही नाही. अंगठा उचलला गेला होता. त्यांनी तो खाली धरला. खुट्. दारावर कुणीतरी ठोठावतंय आणि आपण आतून गप्प बसायचं, तसं वाटत होतं. खुट्. पूर्वी या प्रत्येक आवाजाच्या जागी एक ठिपका होता, हे त्यांना ठाऊक होतं. तो ठिपका आत्ताही तिथे पडत होता, फक्त त्यांच्यापर्यंत येत नव्हता. बायकोच्याही आता लक्षात आलं होतं. यंत्राचा आवाज झाला की ती बटणाच्या आवाजाची वाट बघे, आणि तो न आला की तिच्या स्टुलाची कुरकुर ऐकू येई. काही वेळानं स्टूलही कुरकुरेनासं झालं. खोलीत यंत्र एकटंच बोलत राहिलं.

रिपोर्ट बघून मेंदूच्या डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "गेलेलं परत येणार नाही," त्या म्हणाल्या. "उरलेलं जपायचं. ही गोळी हळूहळू कमी करू, दुसरी चढवू. मधल्या काळात फिट येऊ शकते, तेव्हा उंचावर चढणं नाही, एकट्यानं आंघोळीला कडी लावणं नाही, आणि मशीन—"

"मशीन मी चालवते," बायको म्हणाली.

आता दांड्यावर ती असते आणि मशीनभोवती जमिनीवर खडूची रेघ आहे. डिंकरावांनी ती ओलांडायची नाही. ते पुन्हा खळीपाशी आलेत; पातेलं मात्र बायकोनं टेबलावरून उचलून खाली, भिंतीकडेला नेलंय. रस्ता ओलांडताना ते कबुतरासारखी मान दोन्हीकडे फिरवतात, आणि घड्याळजी हात करण्याऐवजी समोर येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "मी घड्याळजी. जिवंत आहे." गोळ्या बायको हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत बघत राहते. फिट अजून आलेली नाही. कुणी तसं मोठ्यानं म्हणत नाही.

आणि ती बोलते. जवळ आली की बोलायचं, असा तिनं नियमच केला. "मी आले. डावीकडे आहे. चहा ठेवतेय. आता पुठ्ठा घेतेय. आता जातेय." दिवसभर हे असं. पहिले काही दिवस डिंकरावांना हसू येई. नंतर सवय झाली, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की बोलणं थांबलं की बायको संपते.

राग तिला उशिरा आला. बाहीच्या दिवशी नाही, तपासणीच्या दिवशी नाही. एका सकाळी कपाटात ती कापलेली बाही सापडली, आणि ती म्हणाली, "इतके महिने तुम्हाला दिसत नव्हतं. मी रोज तुमच्या शेजारी हात घालत होते." ते म्हणाले, "चुकलं." ती काहीच म्हणाली नाही. कारखान्यात उतरल्यावरही नाही.

त्यांनी पुठ्ठ्याला खळ लावायला घेतली. डावीकडे भिंत होती, थप्पी होती. सगळं जागच्या जागी, अखंड. मशीनचा आवाज नव्हता, पावलांचा नव्हता. ती वर गेली असेल. किंवा नसेल. मान वळवली की कळलं असतं. पण वळवली आणि तिथे कुणी नसलं तर, या विचारानं मान वळेना. आणि कुणीतरी असलं तर, हाही एक विचार होता.

"आहेस का?" त्यांनी पुठ्ठ्यालाच विचारलं.

उत्तर आलं नाही. एक पुठ्ठा झाला, दुसरा झाला. मग त्यांनी मान वळवायला सुरुवात केली, हळूहळू. स्टोव्ह. थप्पी. मशीनचा दांडा. खडूची रेघ. आणि मग एकदम, हातभर अंतरावर, स्टुलावर बसलेली बायको. त्यांच्याकडेच बघत होती.

"कधीपासून बसलीयेस?"

"मघापासून."

"बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोलला होतात? म्हटलं, कसं वाटतं ते बघा."

त्यांनी बघितलं होतं. ते परत पुठ्ठ्याकडे वळले, आणि वळताक्षणी ती पुन्हा नाहीशी झाली. भिंत जशीच्या तशी झाली. डिंकरावांनी ब्रश खाली ठेवला, डावा हात त्या भिंतीच्या दिशेनं पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

बराच वेळ त्या हाताला काही लागलं नाही.

"खळ लागलीय," भिंत म्हणाली. "पुसा आधी."